मान वळवली की भोवळ: मानेतल्या दोन धमन्यांची गोष्ट

दाढी-कटिंग उरकली, गालावर तुरटी फिरली, डोक्याची चंपी झाली, की न्हावीदादा एक हात हनुवटीखाली घ्यायचे, दुसरा डोक्यामागे, आणि कळायच्या आत मान एका बाजूला झटकायचे. कट्ट. मग दुसऱ्या बाजूला. कट्ट. माझे वडील महिन्यातून एकदा हे आवडीनं करून घ्यायचे आणि खुर्चीतून उठताना म्हणायचे, "आता कशी मोकळी झाली!" माझा नंबर यायची वाट बघत मी बाकावर बसलेला असायचो आणि त्या आवाजानं माझ्या अंगावर काटा यायचा. वडिलांना त्यातून कधीच काही झालं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी मान वळवायलाच घाबरू लागलं तर लेख फसला असं मी समजेन.

मान वळण्यासाठीच आहे. रस्ता ओलांडताना, हाक ऐकू आली म्हणून, बसमध्ये शेजाऱ्याशी बोलताना ती दिवसभरात शेकडो वेळा वळते आणि मेंदूला त्याची खबरही लागत नाही. पण मोजक्या माणसांत एका ठरावीक बाजूला मान पुरती वळली की मेंदूच्या मागच्या भागाकडे जाणारं रक्त अडतं. डोळ्यांपुढे अंधारी येते, जग गरगरतं, क्वचित माणूस कोसळतो. मान सरळ केली की सगळं जागेवर येतं. त्यातल्या काहींचं एखाद्या दिवशी जागेवर येत नाही. तो स्ट्रोक असतो, मेंदूचा झटका. हे कुणाला होतं, का होतं, आणि आपल्याकडे सर्रास ऐकू येणाऱ्या ‘मानेचं स्पॉन्डिलोसिस आहे म्हणून चक्कर येते’ या वाक्यात काय घोटाळा आहे, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. त्यासाठी आधी मानेच्या आत शिरावं लागेल.

नेफ्यातली नाडी

मेंदूकडे चार मोठ्या धमन्या जातात. पुढच्या दोन म्हणजे कॅरोटिड. जबड्याच्या कोनाखाली हलकं बोट ठेवलं की जो ठोका लागतो तो त्यांचा. मागच्या दोन म्हणजे व्हर्टिब्रल. त्या बोटाला लागत नाहीत, कारण त्या हाडांच्या आतून जातात. आपल्या वजनात मेंदूचा वाटा साधारण २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी १५ ते २० टक्के तो एकटा घेतो. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा या मागच्या जोडीतून येतो. वाटा लहान वाटतो, पण तो कुठे जातो ते बघा: श्वास, गिळणं, बोलताना जिभेची हालचाल, डोळ्यांची हालचाल, तोल, जागेपणा आणि मेंदूच्या मागच्या टोकाला असलेलं दृष्टीचं केंद्र. मेंदूचा देठ, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग, आणि लहान मेंदू या दोन धमन्यांच्या जिवावर चालतात.

मानेत सात मणके. प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं. गळ्याच्या हाडामागच्या मोठ्या धमनीतून फुटलेली व्हर्टिब्रल धमनी सहाव्या मणक्याच्या भोकात शिरते आणि पाचवा, चौथा, तिसरा असं करत वर चढते. पायजम्याच्या नेफ्यातून नाडी ओवावी तशी. हाडाचं कवच असल्यानं ती बाहेरच्या मारापासून सुरक्षित राहते. पण नेफ्यालाच पीळ पडला तर नाडी कुठेतरी आवळली जाणारच, आणि मान वळणं म्हणजे नेफ्याला पीळ पडणं.

तिसऱ्या मणक्यापासून खाली हा पीळ थोडाथोडा वाटला जातो. खरी गंमत अगदी वरच्या दोन मणक्यांत आहे. पहिला मणका म्हणजे अ‍ॅटलस, एक नुसतं कडं. दुसरा अ‍ॅक्सिस. त्याच्यावर खुंटीसारखं हाड उभं असतं आणि कडं त्या खुंटीभोवती फिरतं, जात्याचा वरचा दगड मधल्या आसाभोवती फिरतो तसं. मान जेवढी वळते त्यातलं जवळजवळ अर्धं वळण या एकट्या सांध्यात होतं, दोन्ही बाजूंना चाळीसेक अंश. तुम्ही डावीकडे बघता तेव्हा कड्याची उजवी बाजू पुढे सरकते आणि दुसऱ्या मणक्याच्या भोकातून पहिल्याच्या भोकात जाणारी उजवी धमनी ताणली जाते. उजवीकडे बघितलं की डावी. म्हणजे बहुधा आपण ज्या बाजूला बघतो त्याच्या विरुद्ध बाजूची धमनी धोक्यात असते. ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी आरशासमोर उभा राहून बराच वेळ मान हळूहळू वळवत बसलो होतो.

शरीरानं याची सोय आधीच केलेली आहे. या दोन मणक्यांत धमनी सरळ जात नाही. बाहेरच्या बाजूला झुकते, वर चढते, मग मागे वळसा घालून अ‍ॅटलसच्या पाठीवरून पुढे येते आणि कवटीत शिरते. गोठ्यात बांधलेल्या गुराच्या दाव्याला ढील ठेवतात तशी ही ढील आहे. मान वळली की वळसा सरळ होतो, ढील वापरली जाते, आणि धमनी तुटायची किंवा बंद व्हायची वेळ येत नाही.

दुसरी सोय कवटीच्या आत आहे. डावी आणि उजवी व्हर्टिब्रल मेंदूच्या देठापुढे एकमेकींना मिळतात आणि पुढे एकच धमनी होऊन वाहतात. तिला बॅसिलर म्हणतात. कराडला प्रीतिसंगमावर उभं राहिलं असाल तर चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल: कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येतात, भेटतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात. कोयनेचं पाणी कमी झालं तरी पुढचं पात्र कोरडं पडत नाही, कारण कृष्णा आहे. तसंच इथे. एक धमनी मान वळल्यानं अडली तर दुसरी बॅसिलरला पुरेसं रक्त देते. निरोगी माणसांत मान पुरती वळवल्यावर एका धमनीतला प्रवाह मंदावतो, कधी जवळजवळ थांबतो, आणि तरी माणसाला काहीच जाणवत नाही, ते यामुळे.

तिसरी सोय म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं. इंग्लिश वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं बारकाईनं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं कडं. पुढच्या कॅरोटिड आणि मागची बॅसिलर यांना ते जोडतं. मागून पाणी आलं नाही तर पुढून वळवता येतं.

म्हणजे ढील, जोडीदार आणि कडं. मान वळल्यानं झटका यायचा तर हे तिन्ही एकाच माणसात, एकाच वेळी कमी पडावे लागतात. म्हणून हा आजार दुर्मीळ आहे. जगभरच्या वैद्यकीय लेखनात नोंदलेले रुग्ण शेकड्यांत मोजता येतील.

तिन्ही सोयी कशा संपतात

जोडीदार जन्मतःच कमकुवत असू शकतो. दोन्ही व्हर्टिब्रल धमन्या सारख्या जाडीच्या असतीलच असं नाही. साधारण निम्म्या लोकांत डावी मोठी असते. काहींत लहान धमनी इतकी बारीक असते की ती असून नसल्यासारखी, किंवा ती बॅसिलरपर्यंत पोहोचतच नाही, लहान मेंदूच्या एका फांदीत संपून जाते. वय वाढल्यावर तिच्यात चरबीचा थर साचून ती बंदही पडते. अशा माणसाची सगळी भिस्त मोठ्या धमनीवर. विलिसचं कडंही अनेकांत पुरतं जुळलेलं नसतं. एखादा दुवा बारीक, एखादा गायब. हा आजार नव्हे, बांधणीतला फरक आहे. माणूस आयुष्यभर मजेत जगतो, कारण मोठी धमनी चालू असते.

मग त्या मोठ्या धमनीच्या वाटेत काहीतरी येतं. झिजलेल्या मणक्याच्या कडेला हाडाचं टोक वाढतं आणि मान वळली की धमनीत रुततं. संधिवाताच्या एका प्रकारात, ऱ्हुमेटॉइडमध्ये, वरच्या दोन मणक्यांना बांधून ठेवणारे बंध सैल पडतात आणि अ‍ॅटलसचं कडं गरजेपेक्षा जास्त फिरतं. कुणाच्या पहिल्या मणक्यावर हाडाची एक कमान जन्मतःच असते आणि धमनी त्या बोगद्यातून जाते. कुणात तंतूंचा पट्टा, कुणात सरकलेली गादी. लहान मुलांतही, मणक्यांच्या जन्मजात घडणीमुळे, हे आढळलं आहे. तिथे झिजेचा काही संबंध नसतो.

खालच्या मणक्यांजवळ हाडाचं टोक असेल तर मात्र मघाचा विरुद्ध बाजूचा नियम बदलतो. तिथे बहुतेकदा ज्या बाजूला मान वळते त्याच बाजूची धमनी दाबली जाते. डॉक्टर कोणत्या बाजूला वळल्यावर त्रास होतो हे खोदून खोदून विचारतात त्यामागे हा हिशेब असतो.

आता इजा कशी होते ते. तिच्या दोन तऱ्हा आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर पुढचं काहीच कळत नाही. पहिलीत रक्त तात्पुरतं अडतं. मान वळवल्यावर काही सेकंदांत भोवळ, अंधारी, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं. सरळ केल्यावर सगळं ठीक. मेंदूला कायमची इजा झालेली नसते, पण इशारा मिळालेला असतो. दुसरीत धमनीचं आतलं अस्तर पुन्हापुन्हा रगडलं जातं. खरचटलेल्या त्या जागी रक्ताची गुठळी धरते. मग एखाद्या दिवशी ती सुटते, प्रवाहाबरोबर वर जाते आणि मेंदूतल्या एखाद्या बारीक फांदीत अडकते. आता मान सरळ करून उपयोग नसतो. शेकडो वेळा ‘वळवली, गरगरलं, सरळ केली, बरं वाटलं’ असा अनुभव घेतलेला माणूस एका सकाळी उठून चालूच शकत नाही, ते या दुसऱ्या तऱ्हेमुळे.

धनुर्धाऱ्याचं नाव

१९७८ साली सोरेन्सन नावाच्या न्यूरोसर्जननं एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. धनुष्यबाणाचा सराव करताना त्या माणसाला मेंदूच्या देठाचा झटका आला होता. सोरेन्सननी त्याला ‘बो हंटर्स स्ट्रोक’ म्हटलं, धनुष्यानं शिकार करणाऱ्याचा झटका, आणि ते नाव चिकटलं. तिरंदाज कसा उभा राहतो ते आठवा. उजव्या हातानं दोरी ओढणारा लक्ष्याकडे डावा खांदा करून उभा राहतो, धड जवळजवळ आडवं आणि चेहरा थेट लक्ष्याकडे. मान डावीकडे पुरती वळलेली आणि तशीच स्थिर धरलेली, नेम लागेपर्यंत. उजव्या धमनीची ढील संपलेली.

नावामुळे तिरंदाजीची बदनामी व्हायला नको. २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, आणि त्यांना बघून राज्यातली किती मुलं धनुष्याकडे वळली असतील. त्यांच्या आईबापांनी हे नाव वाचून मुलांचा सराव बंद करू नये. दोष धनुष्याचा नसतो; तीन सोयी आधीच संपलेल्या एका विरळ मानेला त्या दिवशी धनुष्य भेटलं. अशाच मानेला गाडी रिव्हर्स घेताना, छताला रंग देताना किंवा झोपेत कूस बदलतानाही तेच होऊ शकतं.

अशा झटक्याचं रूप आपल्या मनातल्या पक्षाघाताशी जुळत नाही. तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं हे सगळ्यांना माहीत झालंय. मेंदूच्या मागच्या भागाचा झटका हात-पाय पूर्ण शाबूत ठेवूनही येतो. १८९५ साली जर्मन डॉक्टर आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी देठाच्या एका बाजूच्या झटक्याचं वर्णन केलं. त्यात रुग्णाला एका बाजूच्या चेहऱ्याला आणि विरुद्ध बाजूच्या अंगाला गरम-गार कळेनासं होतं. आवाज घोगरा होतो, घास उतरत नाही, एका पापणीची झापड पडते, चालताना एकीकडे ओढल्यासारखं होतं, आणि काहींना थांबता न थांबणारी उचकी लागते. आपल्याकडे उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय म्हणून हसण्यावारी नेतात. पण अचानक आलेली भोवळ, घोगरा आवाज आणि न थांबणारी उचकी एकत्र दिसली तर ती मेंदूची खूण असू शकते.

चक्कर म्हणजे स्पॉन्डिलोसिस?

मला सगळ्यात कळकळीनं जे सांगायचंय ते इथे आहे. आपल्याकडे चक्कर आली की मानेचा एक्स-रे निघतो. पन्नाशीनंतर बहुतेकांच्या मानेत थोडीफार झीज दिसतेच. झालं, ‘स्पॉन्डिलोसिसची चक्कर’ हे निदान कपाळावर बसतं, गळ्यात पट्टा येतो आणि वर्षानुवर्षं चक्करेच्या गोळ्या चालू राहतात. यात दोन्हीकडून नुकसान होतं. ज्यांचा त्रास पाच मिनिटांत बरा होण्यासारखा असतो ते उगाच पट्टा घालून बसतात, आणि ज्या मोजक्यांची धमनी खरंच दाबली जाते त्यांनाही तेच लेबल लागून ते घरी पाठवले जातात.

मान किंवा डोकं हलवल्यावर येणाऱ्या चक्करेचं सर्वांत नेहमीचं कारण कानात असतं. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक स्फटिक असतात. ते जागचे सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलताच खोटा संदेश जातो आणि खोली गरगर फिरते. बिछान्यात कूस बदलताना, आडवं पडताना, माळ्यावरचा डबा काढायला वर बघताना. एक-दोन सेकंदांनी सुरू होते आणि बहुतेकदा मिनिटाच्या आत थांबते. याला बीपीपीव्ही म्हणतात. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ साली ते ओळखायची पद्धत सांगितली. जॉन एप्ली यांनी डोकं ठरावीक क्रमानं वळवून स्फटिक परत जागी नेण्याची जी युक्ती शोधली ती १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध नाही, यंत्र नाही. जाणत्या डॉक्टरांच्या हातून कॉटवरच उपचार होतो. किती आजींचे पट्टे यामुळे सुटतील!

दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? कानाच्या चक्करेला डोकं हलणं महत्त्वाचं, मग मान वळो न वळो. मान सरळ ठेवून सगळं अंगच कुशीवर वळवलं तरी ती येते. धमनीच्या त्रासात मान धडावर वळणं महत्त्वाचं. बसल्या जागी, डोकं सरळ असताना, एका बाजूला शेवटपर्यंत मान वळवली की त्रास सुरू होतो, मान तशीच धरली तर टिकतो किंवा वाढतो, आणि सरळ केली की ओसरतो. शिवाय कानाच्या चक्करेत दोन-दोन दिसत नाही, बोलणं बोबडं होत नाही, घास अडकत नाही, शुद्ध हरपत नाही. यातलं काहीही चक्करेच्या जोडीला असेल तर कान सोडून मेंदूकडे बघायला हवं. आणि कृपा करून हा फरक घरी मान ताणून तपासू नका. जे आपोआप घडलं ते आठवून डॉक्टरांना सांगितलं तरी पुरे.

तिसरी चक्कर याहून वेगळी: अचानक सुरू होते आणि तासन् तास थांबतच नाही. तीही बऱ्याचदा कानाच्या नसेची सूज असते, पण लहान मेंदूचा झटका हुबेहूब तसाच दिसू शकतो. अशा वेळी शिकलेले डॉक्टर डोळ्यांच्या तीन तपासण्या करतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या तपासण्या पहिल्या दिवसांतल्या एमआरआयपेक्षाही चोख ठरल्या. साधा सीटी स्कॅन मेंदूच्या मागच्या कप्प्यातला ताजा झटका सहज चुकवतो, तेव्हा ‘सीटी नॉर्मल आहे’ यावर चक्करेच्या रुग्णानं निर्धास्त होऊ नये.

सलूनची खुर्ची, पार्लरचं बेसिन

आता परत त्या ‘कट्ट’कडे. झटक्यानं मान वळवण्यातला मुख्य धोका वर सांगितलेल्या दाबापेक्षा निराळा आहे. धमनीची भिंत तीन पदरी असते. जोराच्या ताणानं आतल्या पदराला चीर गेली की रक्त भिंतीतच शिरतं, भिंत फुगते, वाट अरुंद होते आणि चिरेपाशी गुठळी धरते. याला डिसेक्शन म्हणतात, आणि पन्नाशीच्या आतल्या माणसांना येणाऱ्या झटक्यांचं हे एक मोठं कारण आहे. यासाठी तीन सोयी संपलेली मान लागत नाही; धडधाकट तरुणालाही होऊ शकतं. झटका लगेच येईलच असं नाही. काही तासांनी, काही दिवसांनी येतो, तोवर सलूनची आठवणही राहिलेली नसते. मधल्या काळात बऱ्याचदा एकच खूण असते: मानेच्या मागे किंवा डोक्याच्या मागच्या भागात, बहुधा एका बाजूला, ‘असं आधी कधी दुखलं नव्हतं’ अशी वेदना.

पार्लरमधल्या बेसिनवर मान मागे टाकून केस धुताना असाच ताण पडतो. अमेरिकेतले न्यूरोलॉजिस्ट मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये अशा पाच स्त्रियांची नोंद ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ या नावानं प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये हैदराबादमधली तशीच एक घटना बातम्यांत आली आणि आपल्याकडेही लोक सावध झाले. लाखो बायका दर आठवड्याला केस धुवून घेतात आणि काही होत नाही, हेही तितकंच खरं. मानेखाली जाड टॉवेलची गुंडाळी, बेसिनची कड मानेत न रुतणं, आणि दुखलं किंवा गरगरलं की लगेच उठून बसणं, एवढी काळजी पुरते.

योगासनांबद्दलही असा इशारा जुना आहे. ब्रिटिश न्यूरोलॉजिस्ट रिची रसेल यांनी १९७२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात मान टोकाला ताणणाऱ्या आसनांबद्दल लिहिलं होतं. मानेचे हळुवार व्यायाम चांगलेच आहेत. गरागरा गोल फिरवणं, किंवा साठीनंतर पुस्तकात बघून शिर्षासन सुरू करणं, हे मात्र मी माझ्या घरात कुणाला करू देणार नाही.

मान ‘सेट’ करण्याच्या शास्त्राबद्दल न्यायानं बोलायला हवं. अमेरिकेत डॅनियल पामर यांनी कायरोप्रॅक्टिकचा पाया १८९५ साली घातला. वॉलेनबर्गच्या वर्णनाचंही तेच वर्ष, हा निव्वळ योगायोग. कायरोप्रॅक्टरकडे गेलेल्यांत व्हर्टिब्रल धमनीचे झटके जास्त दिसतात असं अनेक पाहण्यांत आढळलं. पण कॅनडातल्या २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात साध्या फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्यांतही तसाच संबंध दिसला. अर्थ असा निघतो की काहींची धमनी आधीच चिरलेली असते, मान दुखते म्हणूनच ते कुणाकडे तरी जातात, आणि झटका नंतर येतो. अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१४ मध्ये सगळे पुरावे तपासून म्हटलं की संबंध आहे; मान वळवणं हेच त्याचं कारण असल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रुग्णाला हा धोका आधी सांगितला पाहिजे. मला हे पटतं. आणि त्यावरून उलट विचार केला तर आपल्या सलूनमधली रीत अधिकच काळजीची वाटते. मान नव्यानंच दुखतेय म्हणून माणूस खुर्चीत बसतो, आणि चिरलेल्या धमनीवरच झटका मारला जातो. कट्ट आवाज हा ‘हाड जागी बसल्याचा’ नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा असतो. बोटं मोडल्यावर येतो तोच. न्हावीदादांचा हात कितीही हलका असो, मानेत काय चाललंय ते त्यांना बाहेरून दिसत नाही. "दादा, चंपी करा, मान राहू द्या," एवढं म्हटलं तर कुणी वाईट वाटून घेत नाही.

निदान आणि उपचार

धमनी खरोखर वळणामुळे दाबली जाते का, हे सरळ झोपवून काढलेल्या चित्रात दिसत नाही. तिथेच अनेकांचं निदान हुकतं. म्हणून अँजिओग्राफी दोन वेळा करतात, एकदा मान सरळ ठेवून आणि एकदा त्रास होतो त्या बाजूला जपून वळवून. सरळ मानेत वाहणारी धमनी वळलेल्या मानेत नेमकी कुठे अडते ते पडद्यावर दिसतं. डोक्यावर डॉपलर लावून प्रवाह मोजण्याचीही पद्धत आहे.

उपचार माणसागणिक बदलतो. सौम्य त्रासात त्या बाजूला मान पुरती न वळवणं, काही काळ पट्टा आणि गुठळी न होण्यासाठी ॲस्पिरिनसारखं औषध यावर भागतं. इथे पट्टा खरंच कामाचा असतो. हाडाचं टोक किंवा तंतूंचा पट्टा रुतत असेल तर शस्त्रक्रियेनं तो काढून धमनी मोकळी करतात. वरचे दोन मणके फार सैल असतील तर ते स्क्रूनं एकमेकांना जखडून टाकतात. त्यानं धोका जातो, पण मघाचं जातं कायमचं थांबतं, म्हणजे मानेचं निम्मं वळण गेलं. रिक्षा चालवणाऱ्या माणसाला हा सौदा किती जड पडेल ते डॉक्टरांइतकंच त्यानंही ठरवायचं असतं. डिसेक्शनमध्ये बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. गुठळीविरोधी औषधं काही महिने देतात आणि अनेकांची भिंत आपली आपण भरून येते.

तसं झालंच तर

अचानक चालता न येण्याइतकी भोवळ, दोन-दोन दिसणं, जीभ अडखळणं, घास न उतरणं, तोंड वाकडं होणं, हात किंवा पाय लुळा पडणं. यातलं काही दिसलं की कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाणी, साखर, गोळी तोंडात घालू नका. गिळण्याची क्रियाच बिघडलेली असेल तर ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिनही घरी देऊ नका, कारण झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा आणि सीटी-एमआरआयची सोय चोवीस तास असलेल्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. बॅसिलर धमनी बंद पडली असेल तर नळी घालून गुठळी ओढून काढण्याचा उपाय त्यानंतरही, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत, करतात. २०२२ मध्ये चीनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांनी त्याचा फायदा दाखवला.

वेळ सांगताना ‘लक्षात कधी आलं’ यापेक्षा ‘शेवटचं धड कधी पाहिलं’ ही वेळ सांगा. रात्री दहाला नीट बोलून झोपलेला माणूस सकाळी सहाला तोल जाऊन पडला, तर घड्याळ दहापासून धरतात. आणि आधीच्या आठवड्यात मान झटकली गेली असेल, पडझड झाली असेल, मान नव्यानं दुखत असेल, किंवा एका बाजूला वळलं की गरगरायचं, तर ते कुणी विचारायची वाट न बघता सांगा. ते ऐकल्यावर डॉक्टर नुसत्या डोक्याचा स्कॅन न मागवता छातीपासून वरपर्यंत मानेच्या धमन्यांचा मागवतात.